ऑफिसची प्रत

“कोरं पान कशाला घेतेस? आधीच्या पेशंटचा रिपोर्ट उघड आणि त्यावरच टाइप कर. क्रमांक, वय आणि जे काही वेगळं असेल तेवढं बदलायचं. नाहीतर दिवसाला चाळीस कसे उरकशील?”

सातबाई नव्या टायपिस्टला शिकवत होत्या. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून त्या सात नंबरच्या संगणकावर बसत, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

“आणि पेशंटचं नाव?”

“ते नंतर रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर चिकटवतात. आपल्याला फक्त त्याचा क्रमांक. आपला क्रमांक खालच्या पट्टीवर. पेशंटची प्रत देताना ती पट्टी फाडून टाकतात.”

“बाई, हे अ, ब, क, ड काय आहे? शाळेसारखं?”

“शाळेसारखंच. ड मिळाला की घरचे रडतात.” बाई हसल्या नाहीत. “आम्ल घशाशी येणं हा काही आजार नव्हे. तुझंही येतं, माझंही येतं. त्यानं माणूस हैराण झाला किंवा अन्ननलिकेला इजा झाली, तर तो आजार. कधी दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, तरी आजार असतो. इजा दिसली तर ती मोजायची. ओरखडा पाच मिलिमीटरच्या आत असला तर अ. त्याहून लांब असला तर ब. नळीच्या आतल्या एका घडीवरून दुसरीवर पसरला तर क. नळीचा पाऊण घेर किंवा त्याहून जास्त सोलला गेला असेल तर ड. बहुतेकांना अच असतो.”

“बापरे, तोंडपाठ आहे तुम्हाला!”

“करावं लागलं,” बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून चौकशीच्या सुनावणीला निघाल्या.

पर्समध्ये वडिलांचा रिपोर्ट होता. अकरा वर्षांत घड्यांवर विरलेला. वर्ग अ. दोन महिने गोळ्या. पुन्हा तपासणीची गरज नाही. शेवटी मोठ्या डॉक्टरांची सही.

लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून वडील तिला न सांगता तिच्याच इस्पितळात तपासून घेऊन आले होते. मग घरी येऊन त्यांनी कागद फडकावला होता. “बघ, अ वर्ग! शाळेत जन्मात मिळाला नाही.”

दोन वर्षांनी त्यांना पाणीही गिळवेना. कर्करोग. दुसऱ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, हा सुरुवातीला अ असणं कठीण आहे. ड असता तर आठ आठवड्यांनी पुन्हा बोलावलं असतं, वेळेत दिसलं असतं.

तेव्हापासून बाई रोज सकाळी मोठ्या डॉक्टरांना नमस्कार करत आणि त्यांच्या निवृत्तीला किती दिवस राहिले ते मोजत. त्याआधी त्यांचा परवाना गेला पाहिजे, एवढं एकच मागणं होतं. दोनदा तक्रार फेटाळली गेली. जुनी फाइल गावाबाहेरच्या गोदामात होती, चौकशीचा हुकूम असल्याशिवाय निघत नव्हती. यंदा निघाली.

मोठे डॉक्टर चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. बाईंना पाहून ते उठून उभे राहिले.

“बाई, त्या फाइलचं पाकीट उघडायला लावू नका.”

“भीती वाटते?”

“चूक माझी आहे. सही करण्याआधी वाचायला हवं होतं. तसं लिहून दिलंय मी. परवानाही परत करतोय.”

“वा! आणि फाइल बंदच राहणार?”

“राहू द्या. सील होण्याआधी मी पाहिलीय ती. तुमच्या पाया पडतो.”

“माझा बाप घोटभर पाण्यासाठी तळमळत गेला, डॉक्टर. तुम्ही गुपचूप सुटणार होय? तुमच्या हातचं अक्षर सगळ्यांसमोर वाचलं गेलं पाहिजे.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “मग निदान आधी एकट्या बघा.”

“मोठ्यानं वाचायचं,” बाई म्हणाल्या आणि दार ढकलून आत गेल्या. डॉक्टर त्यांच्या मागोमाग आत आले.

चौकशी अधिकाऱ्यांनी पाकिटाचं सील फोडलं. वरच मोठ्या डॉक्टरांच्या हातची टिपणी होती. अधिकाऱ्यांनी ती सावकाश वाचली.

“वर्ग ड. पाऊण घेराहून जास्त इजा. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण, न चुकता.”

बाईंनी पर्समधला रिपोर्ट उघडून पुन्हा पाहिला. अ. तो अच होता.

“म्हणजे टाइप करताना आधीच्या पेशंटचा मजकूर तसाच राहिला,” अधिकारी म्हणाले.

बाईंचा आवाज चढला. “कोणी केलं ते? कोण होती ती? डॉक्टरांच्या आधी तिला उभी करा इथे! मी तिला सोडणार नाही.”

मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

अधिकाऱ्यांनी टिपणीखालची ऑफिसची प्रत काढली. तिची पट्टी शाबूत होती. त्यांनी कागद उजेडाकडे धरला.

“टायपिस्ट क्रमांक,” त्यांनी वाचलं, “सात.”