बेचाळीस डब्यांची शाळा

'खोडरबर' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात राजमा निघाला, तेव्हा रजिया ओट्यापाशी खाली फरशीवर बसली. राजम्याचा डबा उघडून बघायची ताकद तिच्यात उरली नव्हती. त्यात काय असणार, हे तिला ठाऊक होतं.

डब्यांचा दोष नव्हता. तिच्या नवऱ्याचं, इद्रिसचं, नेरळच्या बाजारात प्लॅस्टिकच्या सामानाचं दुकान. झाकणाला चीर गेलेला, रंग उतरलेला, गिऱ्हाइकानं परत आणून आपटलेला प्रत्येक डबा शेवटी घरी यायचा. आणि गेला दीड महिना घरात शाळा होती. विद्यार्थिनी एक, सामानाचे डबे बेचाळीस. अख्ख्या खडूंचा वेगळा, तुकड्यांचा वेगळा. टोक केलेल्या पेन्सिलींचा वेगळा, टोक करायच्या पेन्सिलींचा वेगळा. बिचारी पेन्सिल दोन ओळी लिहून झाल्या की घर बदलायची.

त्यांची लेक इल्मा तिसरीत, शाळा कर्जतला. शाळेची व्हॅन सव्वासहाला यायची आणि कर्जत येईपर्यंत पोरगी दोनदा ओकायची. वजन घटत चाललं, तेव्हा रजियानं तिला घरी ठेवलं. मी शिकवते, म्हणाली. इद्रिस हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही.

"अलफिया आपा येऊन बघंल," तो म्हणाला. "ती चालंल बोलली तर चालंल. नायतर सोमवारपासून पुन्हा व्हॅन."

अलफिया आपा म्हणजे त्याची थोरली बहीण. खोपोलीकडच्या एका शाळेत पंचवीस वर्षं शिकवत होत्या. त्या आज अकराला येणार होत्या. आज रविवार, तरी त्यासाठी शाळा भरली होती.

रजियानं कसर म्हणून ठेवली नव्हती. शोकेसमधल्या कपबश्या उतरल्या, तिथं वह्या चढल्या. चित्रकला पलंगाखाली गेली. विज्ञान बाल्कनीत, वॉशिंग मशीनवर. भिंतीवर वेळापत्रक लागलं, त्याखाली नियम. आठ ते एक अम्मी म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं. शाळेच्या वेळात मांडीवर डोकं ठेवायचं नाही. स्वयंपाकघराच्या दारावर 'शिक्षक कक्ष' असा कागद होता. विद्यार्थ्यांनी विचारल्याशिवाय आत यायचं नाही.

एकला शाळा सुटायची. विद्यार्थिनीची. मॅडम तिथून पुढं डबे लावायच्या, चिठ्ठ्या चिकटवायच्या, उद्याचा पाठ काढायच्या. इल्मा दारात येऊन उभी राहायची. "थांब गं, उद्याचं काढतेय," मान वर न करता रजिया म्हणायची. इल्मा थांबायची. पोरगी शिस्तीची होती.

"मॅडम, शिक्षक कक्षात चहा मिळंल का?" इद्रिसनं दारातून विचारलं.

"मिळंल. साखर शोधून द्या."

इद्रिसनं तीन डबे उघडले. एकात मणी होते, एकात टाचण्या, एकात तुटके रंग. बिनसाखरेचा चहा तब्येतीला बरा, असं त्यानं जाहीर केलं.

अलफिया आपा अकराला पाच कमी असताना आल्या. पर्स खांद्यावरून न उतरवताच त्यांनी शोकेस बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं, बाल्कनीत जाऊन आल्या. एकेक चिठ्ठी वाचली.

"माझ्या शाळंत चारशे पोरं हायत," त्या म्हणाल्या. "आणि सगळा खडू एका डालड्याच्या डब्यात हाय."

हे कौतुक की आणखी काही, ते रजियाला कळेना.

मग इल्माची पाळी आली. तिनं सातचा पाढा सरळ म्हटला, मग उलटा. धडा वाचला तो स्वल्पविरामाला थांबून. आपांनी तिचा दंड चाचपला. "अंग पण धरलंय पोरीनं," त्या म्हणाल्या. इद्रिसनं मान डोलावली. दीड महिन्यात पहिल्यांदा रजियानं पाठ भिंतीला टेकली.

"आता शेवटचं," आपा म्हणाल्या. "वर्गशिक्षिकेला एक दिवसाच्या रजेचा अर्ज लिही बघू."

रजियाला हायसं वाटलं. अर्ज बुधवारीच झाला होता. कारण म्हणून ताप लिहायचा, हेही तिनं तीनदा सांगितलं होतं.

इल्मानं टोक केलेली पेन्सिल घेतली आणि टीपॉयपाशी बसून लिहिलं. मध्ये एकदाच थांबून तिनं रजियाकडं बघितलं. कागद आपांना दिला आणि हात मागं बांधून उभी राहिली.

आपांनी तो वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"चालंल तुझी शाळा," त्या रजियाला म्हणाल्या. "एक चूक नाय. तारीख, विषय, सगळं जागच्या जागी. व्हॅनवाल्याला नको म्हणून सांग रं इद्रिस." मग त्यांनी कागद रजियापुढं धरला. "पण अर्ज तुझ्या नावचा हाय. मंजूर करायचा का नाय, ते तू बघ."

रजियानं कागद हातात घेतला.

'मा. वर्गशिक्षिका यांना,

विषय : एक दिवसाची रजा मिळण्याबाबत.

महोदया, मी आपल्या वर्गातील विद्यार्थिनी आहे. मला उद्या एक दिवस घरी राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. कारण की, माझी अम्मी दीड महिना झाला शाळेतच आहे. ती उद्या घरी आली, तर दार उघडायला कोणीतरी पाहिजे.'