कुमुदची गत

चंदीगढला बदलून आल्यावर श्रीनिवासने शेजाऱ्यांना सांगितलं होतं, बायको मागाहून येईल. वास्तविक कुमुदला जाऊन वर्ष झालं होतं. एका रविवारी त्याने घरीच जोडलेल्या सीक्वेन्सरच्या, म्हणजे सूर ओळीने लावून ठेवायच्या यंत्राच्या, सोळा फिरत्या बटणांवर एकेक सूर लावत कुमुद पेटीवर वाजवायची ती गत बसवली. त्यावरून सिंथेसायझर ती गत आपोआप पुन्हापुन्हा वाजवू लागला. तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या हरबन्स कौर, हातात गाजरहलव्याचा डबा. "भाभीजी आ गईं ना? बाजा बजा रही हैं!" त्याच्या तोंडून निघून गेलं, "हां जी." "रोकना मत, कल मिलूँगी," म्हणत त्या डबा देऊन खुशीत परतल्या. आत गत बिनचूक चालली होती. कुमुद मात्र नवव्या सुराला हमखास चुकायची. श्रीनिवासने नववं बटण किंचित मागे फिरवलं. सूर घसरला. "चुकलीस बघ," तो सवयीने म्हणाला, आणि आपल्याच आवाजाने दचकला.