दाराकडे पाठ

समुपदेशक बाईंच्या खोलीचं दार नीट बसत नव्हतं. बाप कुलुपं दुरुस्त करणारा, त्याच्या ते आत येतायेताच लक्षात आलं. बाहेर बाकावर माणसं बसलेली आणि इथे दाराला बोटभर फट.

"सुताराला सांगितलंय," बाई हसून म्हणाल्या.

हसायला काय झालं, त्याच्या मनात आलं.

त्याने दारासमोरची खुर्ची पकडली. मुलीला उरली ती दाराला लागून असलेली, दाराकडे पाठ असलेली. बॅग मांडीवर घेऊन ती बसली. इथूनच ती मावशीकडे जाणार होती, कायमची राहायला. महिन्यापूर्वी त्याने तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली, तेव्हापासून तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

बायको बोलत होती, बाई मान डोलवत होत्या. दोघींचं आधीच ठरलेलं दिसत होतं. घरचं भांडण परक्याच्या टेबलावर मांडायचं आणि वर त्यांचं पाणी प्यायचं, हे त्याला जमणार नव्हतं. त्याने ग्लास बाजूला सारला.

"आता बापलेकींनी जागा बदला," बाई म्हणाल्या. "तुम्ही मुलगी व्हा, ती बाबा होईल."

काय हा पोरखेळ! पण बायकोचे डोळे भरून आले होते. तो उठला.

तो मुलीच्या खुर्चीत बसला. मागे पावलं वाजली. त्याने वळून पाहिलं, कोणी नव्हतं. कोणीतरी खोकलं. तो पुन्हा वळला. बाईंनी काय विचारलं, ते त्याच्या कानावर पडलंच नाही.

"सारखं मागे काय बघताय?" बाई म्हणाल्या.

"दार उघडं आहे ना. इथे बसलं की मागून कोण येतंय, कळतच नाही. जीव नुसता टांगणीला."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

मुलगी त्याच्या खुर्चीत रेलून बसली होती, हाताची घडी घालून, अगदी त्याच्यासारखी. महिन्याभराने ती त्याच्याशी बोलली, तेही त्याच्याच आवाजात.

"कोण येणार आहे? घरचीच तर माणसं. काही लपवायचं नसेल, तर तुला कडी कशाला हवी?"

मागे दार करकरलं. या वेळी वळायचं नाही असं त्याने ठरवलं. तरी त्याचा हात हळूच मागे गेला आणि दाराच्या लाकडावर कडी चाचपू लागला.