ठेवायची की विकायची?

उल्हासनगरात परसूशेठच्या दुकानी कुणी ब्रेकची रबरं मागितली की शेठ आधी एकच विचारायचा, "गाडी रखनी है के बेचनी है?" ठेवायची असेल तर कंपनीचा माल आतल्या कपाटातून यायचा, विकायची असेल तर स्वस्तातला, काउंटरखालच्या डब्यातून.

"बेचनी है," जयदेव बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. "टिकेल ना, शेठ?"

"गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत टिकेल, साईं. आगे तेरा क्या?"

डब्यातली हिरवी, बिननावाची रबरं आणि सुटं ब्रेक ऑइल घेऊन तो अंबरनाथला परतला. त्याची जुनी फियाट विकत घेणारा वांगणीचा हरिचंद्र संध्याकाळी हार-नारळ घेऊन, बायकापोरांसकट गाडी न्यायला येणार होता. त्याला काय सांगायचं ते जयदेव वाटभर घोकत होता, 'ब्रेकचं काम आत्ताच नवीन केलंय, बिनघोर चालवा.'

फॅक्टरीच्या क्वार्टरसमोर फियाट जॅकवर चढवून त्याने चाक काढलं, ड्रम उतरवला आणि आतली जुनी रबरं उपसून तळहातावर घेतली.

तीही हिरवीच निघाली. बिननावाची.

दारात तांदूळ निवडत बसलेली त्याची बायको अंजना म्हणाली, "अहो, ब्रेक कशाला खोलत बसलाय? आपण गाडी घेतली तेव्हा तो आधीचा मालक म्हणाला नव्हता का, ब्रेकचं काम आत्ताच नवीन केलंय, बिनघोर चालवा? पोरांना घेऊन कितीदा घाट उतरलो आपण!"