ट्रफलच्या आधी

ट्रफल खाल्लं की माणूस मनातलं भडाभडा बोलतो, असं वल्लरीला डीमन गावात राहणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं. चॉकलेटचं नव्हे, इथे डच दुकानांत उघड मिळणारं, मश्रूमच्या जातीचं, डोकं फिरवणारं ट्रफल. वल्लरीने लगेच हार्लेमजवळच्या फार्महाउसवर जोडप्यांच्या ट्रफल-सेरेमनीत दोन जागा धरल्या. नवऱ्याला म्हणाली, "आपल्या नात्यासाठी रे." खरं कारण गुरुवारचं होतं. दर गुरुवारी आशुतोष दोन तास उशिरा यायचा आणि ट्राम चुकली म्हणायचा. ट्राम काय फक्त गुरुवारीच चुकते?

गाद्या अंथरल्या होत्या, मेणबत्त्या लागल्या होत्या. सेरेमनी घेणाऱ्या बाईंनी एकेकाला तब्येतीचा फॉर्म घेऊन आत बोलावलं. वल्लरी पाच मिनिटांत बाहेर आली. आशुतोषला अर्धा तास लागला, आणि आला तो सरळ बूट घालायलाच लागला.

"मला नाही देणार म्हणाल्या."

"का? असं काय लिहिलंस?"

"डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्यांबरोबर हे चालत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. गुरुवारी थेरपिस्टकडे जातो."

वर्षभर मनात पोसलेली सवत एका वाक्यात नाहीशी झाली. वल्लरीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र फसवल्यासारखं.

"अरे, पण बायकोला सांगायचं नाही?"

"सांगणार होतो. पण तू पहिला प्रश्न विचारला असतास, 'कोणामुळे?'"

वल्लरीने उघडलेलं तोंड तसंच मिटलं. तोच शब्द अगदी ओठांवर आला होता.