रणगाड्यातला रेडिओ

शेवटचा डाग देऊन शिवरंजनीनं सोल्डरिंग गन बाजूला ठेवली आणि दारातून बाहेर डोकावून पाहिलं. अप्पा ओट्यावर पाठमोरे बसले होते. घरात सकाळपासून एवढी ठाकठोक चालली होती, पण त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. ऐकूच आलं नसणार. उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता येतंय तेवढं ऐकू येणंही फार दिवस टिकायचं नाही. कानाला मशीन लावा म्हटलं, तर अप्पांनी साफ नकार दिला. गौरीशंकरअप्पा एकदा हट्टाला पेटले की कुणाला दाद देत नाहीत, हे अख्ख्या सास्तूरला ठाऊक.

म्हणून तर तिची घाई चालली होती. बापाचे कान पुरते जायच्या आत हा सेट त्यांना एकदा ऐकवायचा होता.

सेट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्याचा रेडिओ. एकट्यादुकट्याला उचलवणार नाही अशी लोखंडी पेटी. अप्पांनी तरुणपणी सोलापूरच्या भंगार बाजारातून आणलेली. पॅनेलवर इंग्रजीच्या जोडीला रशियन अक्षरं, म्हणून गाव त्याला रशियाचा रेडिओ म्हणे. शिवरंजनीनं आतले शिक्के, व्हॉल्व आणि तारांच्या गुंडाळ्या बघून त्याचं कूळ शोधून काढलं होतं. माल कॅनडातला. रशियाला धाडायचा म्हणून दोन्ही लिप्या छापलेला, आणि कुठंतरी वाट चुकून इकडच्या फौजेत आलेला. पण गावाला या कुळाशी काय घेणं? गावाच्या लेखी तो देव होता.

कारण भूकंपात सास्तूर आडवं झालं, तेव्हा अप्पा आणि तान्ही शिवरंजनी ढिगाऱ्याखाली अडकली होती. कामाच्या सागवानी टेबलानं छप्पर तोलून धरलं. टेबलाखालीच ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेला हा सेट होता. अप्पांनी हात लांबवून तो लावला, होता तेवढा आवाज मोठा केला, आणि त्या खरखरीच्या मागावर जवान पोचले. पलीकडच्या खोलीत निजलेली इरम्मा, शिवरंजनीची अव्वा म्हणजे आई, तेवढी वाचली नाही. बापलेक वाचले ते या पेटीमुळं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे.

आज खंडेनवमी. अवजारांना हळदकुंकू वाहायचा दिवस. अप्पा दरसाल पकडीपासून मीटरपर्यंत सगळं पुजायचे. या सेटला मात्र त्यांनी कधी फूल वाहिलं नाही की त्याच्यावर कधी फडकं मारलं नाही. लेकीला त्यांनी रेडिओतलं सगळं शिकवलं. जुन्या लष्करी जिपांचे शौकीन पुण्याहून आपले सेट घेऊन तिच्याकडं येत, ते त्याच शिकवणीमुळं. पण हा सेट उघडू का विचारलं की अप्पांचं एकच, "ऱ्हाऊ दी." आठवणीनं त्यांचा जीव कासावीस होत असेल, एवढंच तिला वाटायचं. म्हणून या खेपेला तिनं न विचारताच सेट उघडला होता. गंजलेल्या पेटीचं मन ओळखणारी ही पोरगी बापाच्या बाबतीत मात्र अगदीच भाबडी होती.

शेजारची मल्लम्मा पूजेचं ताट घेऊन आली. तिनं पेटीला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि हात जोडले.

"लाव गं रंजू. म्हाताऱ्याला जरा हुरूप येईल बघ."

जुना सेट दुरुस्त केला की बटणं सापडली तशी ठेवून आधी लावून बघायचा, मग काय ती फिरवाफिरवी करायची, हा अप्पांचाच नियम. शिवरंजनीनं तो पाळला होता. तिनं बॅटरीच्या तारा जोडल्या आणि कळ दाबली. डायनामो घुमायला लागला. व्हॉल्व हळूहळू तापले. मग एकदम अशी खरखर उसळली की फळीवरची भांडी थरथरली. आवाजाचं बटण भूकंपाच्या दिवशी होतं तसंच शेवटाला टेकलेलं होतं.

ओट्यावर अप्पांची पाठ ताठ झाली.

ऐकू आलं! शिवरंजनीला आनंदानं रडूच फुटलं. इतक्या महिन्यांच्या कष्टांचं चीज झालं असं तिला वाटलं. अप्पा उठले, चौकटीला धरून आत आले. सेटकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि भिंतीला कान लावला.

"अगं बाई, आवाज कुठनं येतोय त्येच कळंना त्यास्नी," मल्लम्मा हसली.

"अप्पा, सेट इकडं हाय! इकडं!" शिवरंजनी ओरडली.

अप्पांनी मागं न बघता हात वर केला. "बंद कर."

तिनं कळ ओढली. डायनामोची घरघर विरत गेली. घरात काही वाजेना. मल्लम्माचं हसू मावळलं. अप्पा तसेच भिंतीला कान लावून बसले होते, डोळे मिटून, श्वास धरून. हे घर नव्या गावठाणातलं, भूकंपानंतर बांधलेलं. भिंतीपलीकडं कुणीही नव्हतं. शिवरंजनी भीत भीत त्यांच्याजवळ बसली आणि कानाशी तोंड नेऊन तिनं विचारलं, "अप्पा, काय ऐकताय तुमी?"

"त्या दिशी म्या ह्यो लावला, तवा तुझी अव्वा पलीकडनं हाका मारीत व्हती," अप्पा म्हणाले. "बंद केला, तवा न्हवती."