डुकरीण व्याली, नऊ

ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला मिळालं तशी मेलेनाइतेने पहिल्याच आठवड्यात टोंगातल्या नवऱ्याला, सियाओसीला, बोलावून घ्यायचा अर्ज भरला. नातं खरं असल्याचा पुरावा म्हणून दोघांचे मेसेज जोडायचे होते. तिने तीन वर्षांचे चाळले. ‘डुकरीण व्याली, नऊ.’ ‘वादळात छप्पर उडालं, परत बसवलं.’ ‘आईचा गुडघा बरा आहे.’ प्रेमाचा शब्द औषधालासुद्धा नव्हता.

तिने फोन लावला. “अरे, एक तरी गोड काहीतरी लिहून पाठव. साहेब वाचणार आहे.”

“गोड म्हणजे काय?”

“माझ्याशिवाय करमत नाही वगैरे.”

“ते तुला ठाऊक नाही का?”

“मला आहे रे मेल्या, साहेबाला नाही!”

सियाओसीने डोकं खाजवलं आणि गावात लग्नापासून मयतापर्यंतचं सगळं जे लिहून देतात, त्या पाद्रीबाबांकडे गेला. शनिवारी चार पानी पत्र आलं. त्यात चंद्र होता, चाफा होता, तिचे डोळे तर तीनदा होते, आणि शेवटी ‘आमेन’. मेलेनाइतेने ते अर्जात सगळ्यात वर लावलं.

चार महिन्यांनी कचेरीचं उत्तर आलं.

‘आपल्या पतीचे सर्व मेसेज ग्राह्य धरले आहेत. मात्र सोबतचे चार पानी प्रेमपत्र लिहिणारे गृहस्थ कोण व त्यांचे आपल्याशी काय संबंध आहेत, याचा लेखी खुलासा करावा.’